डोंगराचा तोल आणि संगणकाचे गणित

मातीचा विचार शेतकरी सामान्यतः पिकाच्या दृष्टीने करतो. तिचा कस किती, ओल किती दिवस टिकेल, वाफसा केव्हा येईल, हे प्रश्न त्याच्या नित्य परिचयाचे आहेत. परंतु सह्याद्रीच्या उतारावर ज्यांची घरे आणि भाताची खाचरे आहेत, त्यांच्यापुढे मातीविषयी आणखी एक प्रश्न उभा असतो. घरामागच्या डोंगराची माती आपल्या जागी राहील की नाही, हा तो प्रश्न होय.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याच्या माळीण गावावर डोंगर कोसळला. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी. बसच्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा ही वार्ता बाहेर कळली. या दुर्घटनेत १५१ माणसे दगावली. पुढे २२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीत वसलेली इर्शाळवाडी गाडली गेली. तेथे २७ मृतदेह हाती लागले आणि पन्नासांहून अधिक माणसांचा शोधच लागला नाही. तिन्ही प्रसंग जुलै महिन्यातले, म्हणजे ऐन भातलावणीच्या दिवसांतले आहेत.

अशा प्रसंगाचा अंदाज आधी बांधता येईल काय? जमीन, खडक आणि त्यांतील पाणी यांच्या बळाचा अभ्यास करणारी अभियांत्रिकीची जी शाखा आहे, ती या प्रश्नाच्या मागे गेली शंभर वर्षे लागली आहे. अलीकडे तिच्या हाती दोन नवी साधने आली आहेत. एक म्हणजे संगणकावर डोंगराचे प्रतिरूप उभे करून त्याची परीक्षा पाहणे, आणि दुसरे म्हणजे पूर्वी घडलेल्या घटनांवरून संगणकाने स्वतःच शिकणे. या साधनांची शक्ती कोणती आणि मर्यादा कोणती, हे डोंगराळ भागातील शेतकऱ्याने समजून घेणे अगत्याचे आहे. कारण गणित चुकले तर त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते.

उतार का टिकतो?

डोंगरउतारावरील मातीचा थर दोन शक्तींच्या ओढाताणीत उभा असतो. मातीचे वजन तिला खाली ओढते, तर कणांमधील घर्षण आणि मातीचा चिकटपणा तिला धरून ठेवतात. धरून ठेवणाऱ्या शक्तीला ओढणाऱ्या शक्तीने भागले असता जो आकडा येतो, त्यास अभियंते सुरक्षा गुणांक म्हणतात. हा आकडा एकाहून अधिक असेल तोवर उतार उभा राहतो. तो एकाखाली उतरला की माती निसटते.

एक साधे उदाहरण घेऊ. उतार ३० अंशांचा आहे, खडकावर मातीचा थर २ मीटर जाडीचा आहे आणि ओल्या मातीचे वजन दर घनमीटरला १.८ टन आहे असे समजा. या मातीच्या घर्षणाचा कोनही ३० अंश आणि चिकटपणा दर चौरस मीटरला अर्धा टन धरला, तर थराच्या तळाशी दर चौरस मीटरला सुमारे १.५६ टन ओढ पडते. तिला विरोध करणारी शक्ती सुमारे २.०६ टन भरते. म्हणजे सुरक्षा गुणांक १.३ च्या आसपास येतो आणि उतार टिकतो.

आता पाऊस लागून राहिला आणि जिरलेले पाणी खडकावर अडून थराच्या निम्म्या उंचीपर्यंत चढले असे समजू. तळाशी साचलेल्या पाण्याचा दाब मातीच्या कणांना वर उचलून धरतो. मातीचे वजन तेवढेच राहते, परंतु कणांची एकमेकांवरील पकड सैल होते. विरोधाची शक्ती १.६ टनांवर येते आणि सुरक्षा गुणांक १.०४ इतकाच उरतो. पाणी थेट पृष्ठभागापर्यंत चढले तर तो ०.७६ वर येतो. वास्तविक त्यापूर्वीच, पाणी सव्वा मीटरपर्यंत पोहोचण्याच्या आत, माती निसटलेली असते. उताराचा कोन, मातीचे वजन आणि थराची जाडी यांत काहीही बदल झालेला नसतो. केवळ पाण्याची पातळी वाढलेली असते.

पाणी कणांना उचलून धरते हे तत्त्व कार्ल टेरझागी या शास्त्रज्ञाने मांडले. १९२५ साली व्हिएन्ना येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथापासून या शास्त्राचा आधुनिक काळ सुरू झाला असे मानतात.

हातगणितापासून संगणकापर्यंत

वरील उदाहरण मुद्दाम सोपे घेतले आहे. प्रत्यक्षातील डोंगर असा एकजिनसी नसतो. सह्याद्रीत वरती जांभा किंवा मुरूम, खाली कुजलेला काळा खडक, मध्येच लाल मातीचा पट्टा, त्याखाली पुन्हा घट्ट कातळ, अशी रचना आढळते. माती कोणत्या पृष्ठावरून घसरेल हेही आधी ठाऊक नसते. स्वीडनमधील गोथेनबर्ग बंदरात १९१६ साली धक्का खचला, तेव्हा तेथील अभियंत्यांनी घसरणारा भाग एखाद्या वर्तुळाच्या चापाप्रमाणे धरला, त्याचे उभे काप कल्पिले आणि प्रत्येक कापाचा हिशेब करून बेरीज घेण्याची रीत काढली. १९५५ साली इंग्लंडमध्ये ॲलन बिशप यांनी ही रीत सुधारली. परंतु तीत सुरक्षा गुणांक आधी अजमासाने धरावा लागतो, गणित करावे लागते, आलेले उत्तर पुन्हा त्याच गणितात घालावे लागते, आणि दोन्ही जुळेपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा लागतो. शिवाय असे शेकडो चाप तपासल्याखेरीज सर्वांत धोक्याचा चाप सापडत नाही. हाताने हे काम करणे अतिशय जिकिरीचे होते.

संगणकाचे खरे साहाय्य येथे झाले. लिट्‌ल आणि प्राइस यांनी उताराच्या स्थैर्याचे हे गणित १९५८ साली संगणकाकडून करवून घेतल्याचे प्रसिद्ध केले. पुढील दशकात आणखी एक रीत आली. तीत संपूर्ण डोंगराची विभागणी लहान लहान घटकांत करतात, जशी शेताची वाफ्यांत करावी तशी. मग प्रत्येक घटकावरील भार, त्याचे वाकणे, त्यातून पाझरणारे पाणी यांचा हिशेब शेजारच्या घटकांशी जुळवून मांडतात. असे प्रतिरूप तयार झाले की त्यावर हवा तसा पाऊस पाडून पाहता येतो. पायथ्याशी रस्ता खणला तर काय होईल, वर शेततळे केले तर काय होईल, हेही प्रत्यक्ष डोंगराला हात न लावता तपासता येते.

याचा आणखी एक मोठा उपयोग आहे. एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांतली माती सारखी नसते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. डोंगराचेही तसेच असते. म्हणून चिकटपणा आणि घर्षण यांचे एकेकच आकडे न धरता, संभवनीय मर्यादेत ते बदलत ठेवून संगणक तेच गणित हजारो वेळा करतो आणि त्यांपैकी किती वेळा उतार ढासळला ते मोजतो. एकाच ठाम आकड्यापेक्षा असे प्रमाण अधिक प्रामाणिक ठरते.

वाफसा ओळखणारे यंत्र

मात्र या रीतीला एक मोठी अडचण आहे. प्रत्येक डोंगराची माती खणून, प्रयोगशाळेत तपासून, प्रतिरूप उभे करणे शक्य नाही. देशात दरडींचा धोका असलेले क्षेत्र सुमारे ४.२ लाख चौरस किलोमीटर आहे आणि त्यांपैकी सुमारे ९० हजार चौरस किलोमीटर क्षेत्र पश्चिम घाट व कोकणच्या डोंगरांत मोडते, असे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सांगते. एवढ्या विस्ताराला वेगळी रीत हवी. यंत्रशिक्षण, ज्यास इंग्रजी नावाने मशीन लर्निंग म्हणतात, ते येथे उपयोगी पडते.

ही रीत शेतकऱ्याला परकी वाटण्याचे कारण नाही. अनुभवी शेतकरी मूठभर माती हातात दाबून वाफसा आला की नाही ते सांगतो. त्याला कोणी सूत्र शिकवलेले नसते. ओली जमीन नांगरली तेव्हा ढेकळे कशी निघाली आणि वेळेवर नांगरली तेव्हा माती कशी भुसभुशीत झाली, हे त्याने अनेक हंगाम पाहिलेले असते. त्या उदाहरणांतूनच त्याचा हात तयार झालेला असतो. यंत्रशिक्षणाचे तत्त्व हेच आहे. जेथे दरडी कोसळल्या आणि जेथे कोसळल्या नाहीत अशी हजारो ठिकाणे संगणकापुढे ठेवतात. प्रत्येक ठिकाणचा उतार, खडकाचा प्रकार, मातीची जाडी, ओढ्यापासूनचे अंतर, झाडोरा, रस्त्यासाठी झालेले खोदकाम आणि पाऊस यांची नोंद देतात. कोणत्या गोष्टी एकत्र आल्या म्हणजे दरड कोसळते याचा मेळ संगणक स्वतः शोधतो. लिओ ब्राइमन यांनी २००१ साली मांडलेली रँडम फॉरेस्ट ही पद्धत या कामी बरीच वापरली जाते. तीत संगणक एका निर्णयावर विसंबत नाही. निरनिराळ्या नोंदींवर वाढलेल्या शेकडो निर्णयवृक्षांचे मत तो घेतो आणि बहुमताने उत्तर देतो. पंचांनी एकत्र बसून निवाडा द्यावा तसे.

अनेक गोष्टींचा असा मेळ घालण्याची गरज का पडते, ते पावसाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. १९८० साली केन या संशोधकाने जगभरातील ७३ घटना एकत्र करून, किती वेळात किती पाऊस झाला असता उथळ दरडी कोसळू लागतात, याचे सूत्र दिले. त्या सूत्राप्रमाणे २४ तासांसाठी ही मर्यादा सुमारे १०० मिलिमीटर येते. माळीण येथे दुर्घटनेच्या आदल्या दिवशी सुमारे १०८ मिलिमीटर पाऊस झाल्याचे सांगितले गेले. आकडा जुळतो खरा. परंतु महाबळेश्वरासारख्या ठिकाणी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस होण्याचे प्रसंग दर पावसाळ्यात कितीतरी येतात आणि डोंगर जागच्या जागी राहतात. यास्तव केवळ एका दिवसाच्या पावसावरून इशारा देऊ गेल्यास सह्याद्रीत जवळजवळ रोज इशारा द्यावा लागेल, आणि रोजच्या इशाऱ्याकडे कोणी लक्ष देणार नाही. आधीच्या पंधरवड्यात जमीन किती भिजली होती, माती किती जाड होती, पाण्याला वाट होती की नव्हती, हे सर्व एकत्र पाहावे लागते.

आपल्या देशात या दिशेने बरेच काम झाले आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४-१५ पासून दरडप्रवण क्षेत्रांचे देशव्यापी नकाशे तयार करण्याचे काम हाती घेतले. हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ साली दरडींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात १९९८ ते २०२२ या काळातील सुमारे ८०,००० दरडींची नोंद आहे. यंत्राला शिकविण्यासाठी अशा नोंदी म्हणजे उजळणीची पाटीच होय. जुलै २०२४ मध्ये कोलकाता येथे राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू झाले.

यंत्र कोठे चुकते?

यंत्राला जे दाखवावे तेवढेच ते शिकते, ही त्याची पहिली मर्यादा होय. रस्त्यावर आलेली दरड लगेच नोंदली जाते, कारण वाहतूक अडते. रानात कोसळलेल्या दरडीची नोंद कोणी करीत नाही. अशा नोंदींवर वाढलेले यंत्र, दरडी फक्त रस्त्यालगतच कोसळतात, असा चुकीचा धडा घेण्याचा संभव असतो.

दुसरी मर्यादा हिशेबाच्या फसवेपणाची आहे. १,००० उतारांपैकी १० ढासळणारे असतील आणि यंत्राने सरसकट सर्वच सुरक्षित म्हणून सांगितले, तर ते ९९० वेळा बरोबर ठरते. शंभरात नव्याण्णव गुण मिळवणारे हे यंत्र प्रत्यक्षात कवडीमोलाचे असते. कारण ज्या दहा ठिकाणी माणसे उठवून हलवायची होती, तेथेच ते गप्प राहिले. म्हणून यंत्राची पारख करताना एकूण उत्तरे किती बरोबर आली हे न पाहता, ढासळलेल्या उतारांपैकी किती आधी ओळखले आणि त्यासाठी खोटे इशारे किती दिले, हे पाहावे लागते.

तिसरी मर्यादा मापाची. देशव्यापी नकाशे ५०,०००ला एक या प्रमाणावर आहेत. त्यांवरील एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर. शंभर मीटर लांबीची वाडी अशा नकाशावर दोन मिलिमीटरांत मावते. पावसाचेही तसेच आहे. महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्र असले, तरी खोऱ्यातल्या केंद्राचा पाऊस आणि माथ्यावरचा पाऊस यांत मोठा फरक पडतो.

इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हते, असे दुर्घटनेनंतर विधिमंडळात सांगण्यात आले. ही गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. यादी माणसांनी केलेली असो वा यंत्राने, तिच्यात नाव असणे ही सावधगिरीची सूचना असते. नाव नसणे म्हणजे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे.

शेतकऱ्याने काय करावे?

वरील गणितातून शेतकऱ्यास मिळणारा मुख्य धडा असा की, डोंगराचा तोल बहुधा पाण्यामुळे ढळतो. पाणी अडवा, पाणी जिरवा हा मंत्र कोरडवाहू मुलखात मोलाचा आहे. परंतु घाटमाथ्यावरील अतिपावसाच्या तीव्र उतारावर, आणि विशेषतः खाली वस्ती असताना, जिरवलेले पाणीच घातक ठरू शकते. अशा ठिकाणी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

(१) वस्तीच्या वरच्या बाजूस तीव्र उतारावर पाणी साठविणारे चर, खड्डे किंवा शेततळे तज्ज्ञांनी जागा पाहिल्याखेरीज करू नयेत. असलेले शेततळे पाझरत असेल तर ते पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करावे किंवा रिकामे ठेवावे.

(२) उतार फोडून खाचरे पाडताना यंत्राने डोंगराचा पायथा उभा कापू नये. माळीणच्या दुर्घटनेनंतर उतारावरील सपाटीकरणाविषयी पुष्कळ चर्चा झाली होती. सपाट केलेल्या खाचरातील जादा पाण्याला बांधाच्या कडेने दगडी चारी ठेवून नैसर्गिक ओढ्यापर्यंत वाट काढून द्यावी.

(३) ओढ्याची जुनी वाट बुजवून तेथे शेत अगर घर करू नये. मोठ्या पावसात पाणी आपली जुनी वाट शोधीत येते.

(४) उतारावरील झाडोरा राखावा. मुळे वरच्या थरातील माती बांधून ठेवतात. झाड तोडल्यावर मुळे काही वर्षांत कुजतात आणि मग ती पकड जाते, म्हणून तोडीनंतरचे पावसाळे अधिक जपण्याचे असतात.

(५) डोंगराच्या खुणा ओळखाव्यात. माथ्याजवळ जमिनीला लांबट भेगा पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, घराच्या भिंतीला नव्या चिरा जाणे, दारे-खिडक्या अडकू लागणे, कोरड्या जागी एकाएकी झरा फुटणे, झऱ्याचे पाणी गढूळ होणे किंवा भर पावसात ओढ्याचे पाणी अचानक कमी होणे, या सर्व खुणा तोल ढळू लागल्याच्या आहेत. यांपैकी काहीही दिसताच ग्रामपंचायत, पोलीस पाटील आणि तहसील कार्यालय यांना कळवावे. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाशी १०७७ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. मात्र कोणी येऊन पाहीपर्यंत त्याच घरात रात्र काढू नये.

(६) खुणांची नोंद ठेवावी. भेगेच्या दोन्ही बाजूंस एकेक खुंटी ठोकून त्यांतील अंतर रोज मोजावे आणि तारीख घालून वहीत लिहावे. मोजणी पाऊस उघडलेला असताना आणि दिवसाउजेडी करावी. अंतर वाढत आहे असे दिसताच तेथे पुन्हा जाऊ नये. सरळ बाजूंच्या डब्यात रोज किती पाऊस साठला तेही पट्टीने मोजून लिहावे. लहान दरड कोसळली, जरी ती रानात असली आणि कोणाचे नुकसान झाले नसले, तरी तिची जागा, दिवस आणि वेळ कळवावी.

ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल. तथापि सर्व यंत्रे अखेर अशाच नोंदींवर उभी असतात. ज्या डोंगराची एकही नोंद कोणी ठेवलेली नाही, त्याविषयी संगणक दुसऱ्या डोंगरांच्या अनुभवावरून बोलतो. ज्याची नोंद पिढीभर ठेवली गेली आहे, त्याविषयी तो त्याच डोंगराच्या अनुभवावरून बोलू शकतो. हजारो उतारांची तुलना करण्याचे काम संगणकाने करावे आणि आपल्या घरामागच्या एका उतारावर डोळा ठेवण्याचे काम तेथे राहणाऱ्याने करावे, अशी ही वाटणी आहे. संगणकाचा इशारा आला नाही, पण भेग रुंदावत आहे, अशी वेळ आली तर शेतकऱ्याने भेगेवर विश्वास ठेवावा, आणि मुलाबाळांसह व जनावरांसह दिवसाउजेडी खाली यावे. डोंगर जागेवर राहिला तर दोन दिवसांनी परत जाता येते.